वकील व्हायचंय, पण मध्ये एक वर्ष थांबून

प्रश्न : माझी मुलगी ओहायोतल्या एका विद्यापीठातून येत्या मे महिन्यात राज्यशास्त्राची पदवी घेईल. पुढे तिला तिथेच लॉ स्कूलला जायचं आहे, पण लगेच नाही, मध्ये एक वर्ष थांबते म्हणते. तिचे बाबा म्हणतात वर्ष फुकट जाईल, त्यापेक्षा घरी ये, सयाजीराव विद्यापीठात एलएलबीला नाव घालू. शिवाय तिथलं नागरिकत्व नसताना वकिली करू देतात का, ही धास्ती आहेच. काय करावं?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदे

ताई, नमस्कार.

आधी तुमची धास्ती दूर करते. कनेक्टिकट राज्याने एका डच बाईंना केवळ त्या अमेरिकी नागरिक नाहीत म्हणून वकिलीची परवानगी नाकारली होती. 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. तेव्हा नागरिकत्वावाचून वकिली अडत नाही. अडू शकतं ते शिक्षण संपल्यानंतरच्या कामाच्या व्हिसापाशी, आणि त्याची हमी आज कोणीच देऊ शकत नाही. हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

माझं मत स्पष्ट आहे : मुलीला वर्ष घेऊ द्या. तिथली जेडी ही कायद्याची पदवी तीन वर्षांची. नावाजलेल्या खासगी लॉ स्कूलची नुसती फी वर्षाला 75,000 डॉलरच्या वर जाते, राहणं-खाणं वेगळं. अमेरिकी सरकारचं विद्यार्थी कर्ज परदेशी मुलांना मिळत नाही, म्हणजे इथल्या बँकेत जायचं आणि एवढ्या रकमेला बहुधा घर तारण ठेवायचं. त्या कागदावर सही करण्याआधी मुलीला वकिलाचं रोजचं काम मनापासून आवडतं का, हे कळायलाच हवं. राज्यशास्त्राच्या वर्गात ते कळत नाही.

माझ्याकडे एक मुलगी आली होती. शाळेपासून वादविवादात पहिली, म्हणून वकील व्हायचं ठरलेलं. मी तिला दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात दिवाणी दावे चालवणाऱ्या एका वकीलबाईंकडे बसवलं. पहिले काही आठवडे तिने फक्त झेरॉक्स काढल्या, पानांवर नंबर घातले, प्रतिज्ञापत्रं फायलीला लावली आणि ‘पुढची तारीख’ हे दोन शब्द ऐकले. पार हिरमुसली. मग एक दिवस जमिनीच्या दाव्याची फाईल वाचताना तिच्या लक्षात आलं की खरेदीखतातला सर्व्हे नंबर आणि सातबाऱ्यावरचा नंबर जुळत नाही, दोन आकडे उलटसुलट पडलेत. बाईंनी तिच्यासमोरच अशिलाला फोन लावला. संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती ते आकडे कागदावर लिहून दाखवायला. वादविवादाचं नावही तिने काढलं नाही. त्या दिवशी मला तिची खात्री पटली.

तुमच्या मुलीला वर्षभरात असा एखादा दिवस यायला हवा. तो इथे येतो की तिथे, हा पुढचा प्रश्न.

तिथे राहायचं तर एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर 12 महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. अर्ज पदवी संपण्याआधी 90 दिवसांपासून ते संपल्यावर 60 दिवसांपर्यंत करता येतो, म्हणजे मेच्या पदवीसाठी ही खिडकी फेब्रुवारीतच उघडते. तिने लगेच विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जावं. काम तिच्या विषयाशी थेट जोडलेलं हवं. वकिलांच्या कार्यालयात पॅरालीगल म्हणून किंवा स्थलांतरितांना मदत करणाऱ्या संस्थेत मिळालं तर उत्तम, मात्र राज्यशास्त्राशी त्याचा संबंध काय, हे तिला लिहून दाखवावं लागेल. आठवड्याला किमान 20 तास असेल तर बिनपगारी कामही चालतं. पण एकूण 90 दिवसांहून जास्त बेकारी चालत नाही, आणि काम नसताना घरी येऊन राहिलेले दिवसही त्यात मोजले जातात. चार महिने बडोद्यात आराम आणि मग नोकरीचा शोध, असा बेत असेल तर तो आजच सोडा. ओपीटी आता वापरली तर जेडीनंतर मिळणार नाही, असं मुलं एकमेकांना सांगतात, तेही चुकीचं आहे. वरच्या पातळीच्या पदवीनंतर ती पुन्हा नव्याने मिळते.

कायद्याशी संबंधित काम मिळालं तर तिने तिथे राहावं. मिळालं नाही, तर केवळ अमेरिकेत टिकायचं म्हणून कुठेही चिकटू नये, सरळ घरी यावं. परत जाताना कॉलेजचा नवा आय-20 (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला), परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची 350 डॉलरची सेविस फी आणि गरज पडली तर व्हिसाची मुलाखत, एवढं पुन्हा करावं लागेल. त्या बदल्यात इथे शिकायला खूप आहे. खालच्या कोर्टाचं काम गुजरातीत चालतं, आणि बडोद्यात वाढलेल्या मुलीला ते वाचता येतं. जिल्हा विधि सेवा प्राधिकरण वकील नसलेल्यांनाही पॅरा लीगल व्हॉलंटियर म्हणून तयार करतं. 1987 च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळू शकतो, आणि आपल्याच पोळांतल्या, म्हणजे जुन्या शहराच्या गल्ल्यांतल्या, कितीतरी बायकांना हे माहीत नाही. सहा महिने त्यांचे अर्ज भरून दिले तर लॉ स्कूलच्या निबंधात काय लिहू, असं तिला कुणाला विचारावं लागणार नाही.

एलसॅटसाठी, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेसाठी, वर्षभर क्लास लावू नका. ऑगस्ट 2024 पासून त्यातले कोड्यांचे प्रश्न गेले, आता तर्क आणि उताऱ्यांचं आकलन एवढंच आहे. रोज दोन तास, चार-पाच महिने, नोकरी सांभाळून होतं. गुण 120 ते 180 मध्ये मिळतात. शिष्यवृत्ती बरीचशी या गुणांवर ठरते, म्हणून इथे हयगय नको. अर्ज सप्टेंबरच्या सुमाराला सुरू होतात आणि बहुतेक ठिकाणी जसे येतील तसे तपासतात. नोव्हेंबरच्या आत पाठवावेत.

आता तिच्या बाबांबद्दल. त्यांचा पर्याय वाईट नाही. इथे तीन वर्षं एलएलबी आणि मग तिथे एक वर्षाचं एलएलएम, म्हणजे कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण, केलं तर खर्च पुष्कळ कमी होतो, आणि न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया अशा राज्यांत परदेशी वकिलांना काही अटींवर बारची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, परीक्षा देता येते. उलट, तिथली जेडी घेऊन भारतात वकिली करायची तर बार कौन्सिलची वेगळी पात्रता परीक्षा द्यावी लागते. मुलीला शेवटी कुठल्या देशात कोर्टात उभं राहायचंय, यावर हे ठरेल. ते तिला याच वर्षात समजू दे, येत्या जूनमध्ये घाईने नाव घालू नका.

‘वर्ष फुकट’ या शब्दांवरही मला बोलायचं आहे. बाबासाहेब आंबेडकर 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून बडोद्याला आले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. आपल्या शहराने त्यांना राहायला जागासुद्धा दिली नाही. ते जे सोसून गेले त्याच्याशी आपल्या मुलांच्या अडचणींची तुलना मी करणार नाही. पण पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, 1920 मध्ये लंडनला परत गेले आणि 1922 मध्ये बॅरिस्टर झाले. मधली वर्षं त्यांच्या आयुष्यातून वजा करायची कुणाची छाती आहे?

एक काम मात्र मेच्या आत व्हायला हवं. ज्या दोन प्राध्यापकांनी तिचं लिखाण बारकाईने वाचलंय, त्यांना तिने प्रत्यक्ष भेटून शिफारसपत्रं मागावीत. वर्षभराने ईमेल केला तर चेहरा आठवतो, निबंध आठवत नाही. ही पत्रं लॉ स्कूलचे अर्ज हाताळणाऱ्या एलसॅक संस्थेकडे आधीच जमा करून ठेवता येतात. आणि ती घरी आलीच, तर मला कळवा. दिवाळीपुऱ्यातल्या त्या वकीलबाईंच्या टेबलाशी एक खुर्ची अजून मावते.