‘ओत्कात’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न एका अनुवादकाचा आहे. युक्रेनमधल्या सरकारी खरेदीतल्या भ्रष्टाचारावरचा लेख मराठीत आणताना त्यांना दोन शब्द अडले. ‘सरकारी खरेदी’ लिहावे की कोशातले ‘प्रापण’? आणि लेखात सारखा येणारा युक्रेनी ‘विदकात’, म्हणजेच रशियन ‘ओत्कात’, याला ‘लाच’ म्हटले तर चालेल का?

पहिल्याचे उत्तर लगेच देता येते : खरेदी. युक्रेनी ‘झाकुपिव्ल्या’ आणि रशियन ‘झाकुप्का’ हे दोन्ही शब्द ‘विकत घेणे’ या रोजच्या क्रियापदापासूनच आले आहेत. तिथल्या वाचकाला ते कळायला कोश उघडावा लागत नाही. ‘प्रापण’ वाचून आपल्या वाचकाला एवढेही कळणार नाही की इथे कोणीतरी दुकानात गेले आहे आणि पैसे आपले आहेत.

तरी या साध्या शब्दामागे एक इतिहास आहे. सोव्हिएत काळात सरकारी कारखाना कच्चा माल बाजारातून घेत नसे. योजना मंडळ ठरवी आणि पुरवठा खाते वाटप करी. माल वेळेवर यावा म्हणून कारखाने ‘तोल्काच’ नावाची माणसे बाळगत. तोल्काच म्हणजे ढकलणारा : ओळखीपाळखीने, भेटीगाठीने फाइल आणि वॅगन पुढे ढकलणारा. सामान्य माणूससुद्धा चांगले बूट ‘विकत घेतले’ असे क्वचितच म्हणे. तो म्हणे ‘दोस्ताल’, म्हणजे मिळवले, कुठूनतरी पैदा केले. पोलिशमधले ‘झावात्वीच्’ याच वळणाचे आहे. आपण ‘काम जमवले’ म्हणतो, अगदी तसे. 1989 ते 91 मध्ये साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतर पूर्व युरोपातल्या या देशांत निविदेचे कायदे आले, ‘टेंडर’ हा शब्द आला, पण जमवण्याची सवय त्याच कचेऱ्यांत आणि बरेचदा त्याच माणसांत शिल्लक होती. अनुवादकाने हे मनात ठेवले तर लेखातली पुष्कळ वाक्ये आपोआप उलगडतील.

आता ओत्कात. ‘कातीत्’ म्हणजे घरंगळत नेणे आणि ‘ओत्’ हा मागे किंवा दूर सारणारा उपसर्ग. कंत्राटाची रक्कम सरकारी खात्यातून कंत्राटदाराकडे जाते आणि तिचा एक भाग घरंगळत परत येतो, तो थेट कंत्राट देणाऱ्याच्या खिशात. ‘लाच’ मला इथे पटत नाही ते यासाठी. ‘लाच’ म्हटले की देणाऱ्याने स्वतःच्या खिशातून पैसे काढले असे चित्र उभे राहते. ओत्कातमध्ये कंत्राटदाराचे काहीच जात नाही. त्याने किंमत आधीच तेवढी फुगवलेली असते. पैसे जातात शाळेच्या छपराचे आणि रुग्णालयातल्या औषधांचे. रशियनमध्ये लाचेला ‘व्झ्यात्का’ हा वेगळा शब्द आहेच, तो ‘घेणे’ या क्रियापदावरून आला. म्हणजे मूळ भाषा हा भेद पाळते. आपणही पाळायला हवा, कारण आपल्याकडे त्यासाठी शब्द तयार आहे : टक्केवारी. रस्त्याच्या कामाचे बिल कसे निघते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ‘टक्केवारी’चा अर्थ सांगावा लागत नाही. लेखात पहिल्यांदा ‘परतीची टक्केवारी’ लिहावे, पुढे नुसती ‘टक्केवारी’ चालेल. ‘दलाली’ मात्र टाळावी, ती उघड आणि कायदेशीरही असू शकते.

ओत्कातचा जोडीदार ‘रास्पिल’ याच लेखात भेटण्याची शक्यता आहे. तो लाकूड कापणाऱ्यांचा शब्द : करवतीने ओंडक्याचे तुकडे पाडणे. इथे ओंडका म्हणजे अंदाजपत्रक. रशियातले विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांनी 2010-11 मध्ये सरकारी कंत्राटे तपासण्याचा जो उपक्रम काढला, त्याचे नाव ‘रोसपिल’ या शब्दावरच बेतलेले होते आणि त्याच्या चिन्हातल्या दुतोंडी गरुडाच्या (रशियाच्या राजमुद्रेतला गरुड) पंजांत करवती होत्या. मराठीत ‘वाटून खाणे’ अर्थाला पुरते. ज्याला करवत राखायची असेल त्याने जरूर राखावी.

‘निविदा’ शब्दापाशीही थोडे थांबावे लागेल, कारण मराठीत तो दुहेरी झाला आहे. सरकार निविदा ‘काढते’ आणि कंत्राटदारही निविदा ‘भरतो’. अनुवादात पहिलीला ‘निविदा-सूचना’ म्हटले की घोळ मिटतो. शब्दाच्या पोटात ‘विद्’ धातू आहे, ‘निवेदन’मधला तोच. निविदा म्हणजे मुळात कळवणे. स्लोव्हाकियात 2007 मध्ये काय झाले ते या अर्थाशी ताडून पाहा. युरोपीय संघाच्या निधीतल्या सुमारे 12 कोटी युरोंच्या कामाची सूचना एका मंत्रालयाने लावली कुठे, तर स्वतःच्याच इमारतीच्या आत, बाहेरचा माणूस जाणार नाही अशा ठिकाणी, सूचनाफलकावर. स्लोव्हाक भाषेत फलकाला ‘नास्त्येन्का’ म्हणतात (भिंतीवरचे, असा शब्दार्थ), त्यावरून ‘फलक-टेंडर’ असा शब्दच रूढ झाला. दोन माजी मंत्र्यांना पुढे शिक्षा झाली. आणि 2011 पासून तिथे सरकारी करार इंटरनेटवर प्रसिद्ध झाल्याशिवाय लागूच होत नाही.

रशियातली युक्ती तर अक्षरांची आहे आणि भाषेवर प्रेम करणाऱ्याच्या ती मनाला फार लागते. सूचना संकेतस्थळावर टाकायची, पण शब्दांतली काही रशियन अक्षरे काढून तिथे हुबेहूब तशीच दिसणारी रोमन अक्षरे बसवायची. डोळ्यांना ‘दुरुस्ती’ नीट दिसते, पण शोधयंत्राला तो शब्द सापडत नाही. ज्याला आधीच सांगून ठेवले आहे तेवढाच कंत्राटदार पोचतो.

आता तुमच्या लेखातले ‘प्रोझोरो’. युक्रेनमधली ही खरेदीची संगणकीय व्यवस्था 2014 च्या मैदान आंदोलनानंतर (कीवच्या मुख्य चौकातले सरकारविरोधी आंदोलन) स्वयंसेवकांनी उभी करायला घेतली आणि 1 ऑगस्ट 2016 पासून ती सर्व सरकारी खरेदीदारांना बंधनकारक झाली. नावाचा अर्थ ‘पारदर्शकपणे’, आणि घडणही आपल्या शब्दासारखीच : ‘प्रो’ म्हणजे आरपार, ‘झोर’ म्हणजे पाहणे. घोषवाक्य ‘सगळ्यांना सगळे दिसते’. तिच्यातल्या ‘ऑक्शन’ला मात्र नुसते ‘लिलाव’ लिहू नका. लिलावात बोली चढत जाते, इथे तीन फेऱ्यांत ती उतरते. ‘उतरती बोली’ लिहा.

रशियाविरुद्धच्या युद्धात सैन्याची खरेदी या व्यवस्थेबाहेर, गुप्त ठेवली गेली. जानेवारी 2023 मध्ये एका पत्रकाराने उघड केले की करारात एका अंड्याला 17 रिव्निया (युक्रेनचे चलन) लावले आहेत, तेव्हा कीवच्या दुकानात ते साधारण 7 ला मिळत होते. संरक्षण खात्याच्या उपमंत्र्यांना पद सोडावे लागले आणि शस्त्रे सोडून इतर लष्करी मालाच्या किमती जाहीर करण्याचा कायदा झाला. या परिच्छेदात मात्र ‘टक्केवारी’ घालण्याचा मोह आवरा. जादा पैसे परत कोणाकडे घरंगळले हे त्या बातमीने सिद्ध केलेले नव्हते. तिथे ‘फुगवलेला भाव’ एवढेच लिहावे.