सर्व्हिसिंगच्या आधीच ऑइल खालच्या खुणेला आलं, म्हणजे रिंग गेल्या का?

प्रश्न: राहायला पर्वरी, नोकरी पणजी. गाडी सात वर्षांची, १.२ लिटर पेट्रोल, ६८ हजार किमी झालेली. सर्व्हिसिंगनंतर ३,००० किमीला डिपस्टिक पाहिली तेव्हा ऑइल जवळजवळ वरच्या खुणेला होतं. मग चोर्ला घाटातून बेळगावमार्गे पुण्याला जाऊन आलो आणि आता ते थेट खालच्या खुणेवर. पार्किंगमध्ये डाग नाही, धूर दिसत नाही. गॅरेजमध्ये सांगतात रिंग गेल्या, हाफ इंजिन करावं लागेल. करू का?

उत्तर:

आत्ता इंजिन उघडू नका. एवढ्या माहितीवर रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या असं कुणीच खात्रीने सांगू शकत नाही, आणि हाफ इंजिन, म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंगांचं काम करणं, हा शेवटचा उपाय आहे. आधी गाडी हजार किलोमीटरला नेमकं किती ऑइल खाते ते मोजा. तो आकडा हातात आला की पुढचं बरंचसं आपोआप ठरतं.

तुमच्याच आकड्यांवरून ढोबळ हिशोब करू. बहुतेक छोट्या गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये साधारण ८०० मिली ते १ लिटर ऑइल मावतं. आधीचे ३,००० आणि पुण्याला जाऊन-येऊन ९०० धरले तर सर्व्हिसिंगपासून तुमची गाडी सुमारे ३,९०० किमी चालली. म्हणजे हजार किलोमीटरला २०० ते २५० मिली. बऱ्याच कंपन्या मॅन्युअलमध्ये हजार किमीला अर्धा लिटरपर्यंतचा खप चालतो असं लिहितात, टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये तर १ लिटरपर्यंत लिहिलेलं आहे. या मर्यादा फारच सैल आहेत, वॉरंटीचे दावे टाळायला सोयीच्या. माझं स्वतःचं माप असं: १०० मिलीच्या आत असेल तर विसरून जा, १०० ते ३०० मिली असेल तर लक्ष ठेवा आणि वेळच्या वेळी भरत राहा, ३०० च्या वर कारण शोधायला लागा, ५०० च्या वर दुरुस्ती लांबवू नका. तुम्ही सध्या दुसऱ्या गटात आहात.

आता तुम्हाला घाबरवणारी गोष्ट: तीन हजार किमीत काही कमी झालं नाही आणि ९०० किमीत सगळं गेलं, असं कसं? तसं झालेलं नसण्याचीच शक्यता जास्त. पर्वरी ते पणजी म्हणजे पाच-सहा किलोमीटर. तापमानाचा काटा चार मिनिटांत मध्यावर येतो, पण तो कूलंटचा असतो. ऑइल पूर्ण तापायला त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतर लागतं. थंड इंजिन सुरू होताना पेट्रोल जास्त सोडलं जातं. त्यातलं थोडं न जळता बोअरच्या (सिलेंडरच्या) भिंतीवरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल असतं तिथे, उतरतं, सोबत ज्वलनातली वाफही पाणी होऊन मिसळते. छोट्या फेऱ्यांत ऑइल इतकं तापतच नाही की हे उडून जावं. त्यामुळे खरं ऑइल कमी होत असतं आणि त्याची जागा पेट्रोल-पाणी भरून काढत असतं. डिपस्टिकला दोन्ही सारखेच. गोव्यात कडाक्याची थंडी नाही म्हणून हे प्रमाण थंड प्रदेशाइतकं नसतं, पण दिवसाला दोन छोट्या फेऱ्या, अटल सेतूच्या दोन्ही टोकांची रांग आणि वर पावसाळ्याची दमट हवा, एवढं पुरतं. नंतर हायवेवर चार-पाच तास सलग गाडी चालली की पेट्रोल आणि पाणी उडून जातं आणि महिन्यांची लपलेली तूट एकदम दिसते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट फेसाळ थर दिसत असेल तर तुमच्याकडे हेच चाललंय. कूलंटची पातळी कमी होत नसेल तर त्या थराचा हेड गॅस्केटशी (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या पट्टीशी) संबंध जोडू नका.

त्यात त्या ९०० किमीत खप खरोखरच नेहमीपेक्षा जास्त असणार. चढत्या आरपीएमला ऑइल तापून पातळ होतं, रिंगांना ते पुरतं खरवडता येत नाही. आणि घाट उतरताना वेगळीच गोष्ट घडते. तुम्ही कणकुंबीकडून केरीकडे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, पाय अॅक्सिलरेटरवरून काढून उतरता तेव्हा थ्रॉटल बंद असतो आणि इंजिन जोरात फिरत असतं. इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा येण्याच्या वाटेत, प्रचंड व्हॅक्यूम तयार होतो. तो वॉल्व्हच्या दांड्यांजवळून आणि रिंगांच्या बाजूने ऑइल वर ओढतो. घाटाच्या पायथ्याशी पुन्हा अॅक्सिलरेटर दिल्यावर मागून निळसर धुराचा एक लोट येतो का, हे मागच्या गाडीतल्या कुणाला तरी बघायला सांगा. ड्रायव्हरला तो आरशात बहुधा दिसत नाही. आणि धूर नाही म्हणून निर्धास्त राहू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मधल्या मधे बरंचसं जाळून टाकतो.

मोजायचं कसं, ते सांगतो. गाडी पंधरा-वीस किमी चालवून सपाट जागी उभी करा. सपाट म्हणजे खरोखर सपाट. आल्तिनोच्या उतारावर किंवा घराच्या रॅम्पवर घेतलेलं माप अर्ध्या लिटरनेही फसवू शकतं. पेट्रोल पंपाच्या हवा भरायच्या जागेचं काँक्रीट बहुधा चांगलं असतं. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे हेडमधलं ऑइल खाली उतरेल. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण टेकेपर्यंत आत घाला, पुन्हा काढा आणि दोन्ही बाजू बघा. एका बाजूला ऑइल वर चढलेलं दिसेल, कारण पट्टी नळीला घासते. कमी दाखवणारी बाजू खरी. दर वेळी हीच जागा, हीच पद्धत आणि एवढाच वेळ थांबणं.

मग मॅन्युअलमध्ये आहे त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा आणा आणि ऑइल वरच्या खुणेपर्यंत आणा. एकदम ओतू नका. दर खेपेला २०० मिली, पाच मिनिटं थांबून पुन्हा बघायचं. खुणेच्या वर गेलं तर क्रँक (तळाचा फिरता दांडा) ते घुसळतो, फेस होतो आणि ते ब्रीदरच्या (चेंबरमधला वायू बाहेर नेणाऱ्या नळीच्या) वाटेने इनटेकमध्ये जाऊन जळतं. म्हणजे जास्त भरल्यानेही खप वाढतो. सर्व्हिसिंगला गनने ठरावीक लिटर सोडलेल्या गाड्यांत हे बऱ्याचदा घडतं, म्हणून गाडी ताब्यात घेतानाच डिपस्टिक बघायची सवय लावा. यानंतर किलोमीटर लिहून ठेवा आणि डबा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. इंजिन ऑइलची घनता साधारण ०.८५, म्हणजे १७० ग्रॅम बरोबर २०० मिली. दर हजार किमीला वरच्या खुणेपर्यंत भरा आणि डबा पुन्हा तोला. एकूण २,००० ते ३,००० किमी हे करा, त्यात निदान एक लांब प्रवास असू दे. नाहीतर पर्वरी-पणजीचं पेट्रोल पुन्हा तुम्हाला फसवेल. पहिलं माप त्या लांब प्रवासातून आल्यावरच सुरू केलंत तर उत्तम.

हे चालू असताना गळती नाही याची खात्री करा. पार्किंगमध्ये डाग नाही यावर जाऊ नका, इंजिनखाली प्लास्टिकचं आवरण असेल तर थेंब तिथेच साठतात. उलट डाग दिसला तरी तोच दोषी असं नाही: रात्रीत दहा थेंब म्हणजे जेमतेम अर्धा मिली, महिन्याला पंधरा. खरी गळती इंजिन चालू असताना, दाबाखाली होते आणि ती रस्त्यावरच सांडते. आपल्याकडची लाल धूळ इथे मदतीला येते. ऑइलने ओलसर झालेल्या जागी ती चिकटून जाड काळपट-तांबडा थर बनतो, कोरड्या जागी नुसती पसरलेली असते. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या कडा (मागची, केबिनकडची कड विशेष), ऑइल फिल्टरची बैठक, ऑइल प्रेशर स्विच, ड्रेन बोल्टचा वॉशर, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाचा तळ, इथे टॉर्च मारा. शेवटच्या जागी ओल असेल तर मागचं क्रँक ऑइल सील. संशय आलेली जागा रॉकेलने पुसून कोरडी करा आणि १०० किमीनंतर परत बघा. पावसाळ्यात हे काम होत नाही, पाणी सगळं धुऊन टाकतं. गाडी थांबवल्यावर करपट वास येत असेल तर टॅपेट कव्हरमधून ऑइल गरम एक्झॉस्टवर पडतंय.

गळती नाही आणि मोजलेला आकडा ३०० च्या वर आला, तर तपासणी स्वस्तातल्या गोष्टीपासून सुरू करा. पहिला पीसीव्ही वॉल्व्ह. पिस्टनच्या बाजूने चेंबरमध्ये उतरलेला वायू तो परत इनटेककडे नेतो. तो उघडा अडकला की वायूबरोबर ऑइलही ओढतो. बंद अडकला की चेंबरमध्ये दाब वाढतो आणि ऑइल सिलांमधून बाहेर ढकललं जातं. सुटा वॉल्व्ह असेल तर काढून कानाजवळ हलवा, आत खुळखुळ वाजायला हवं. काही इंजिनांत तो टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो, तिथे पूर्ण कव्हर बदलावं लागतं. इंजिन आयडलिंगला असताना ऑइलचं झाकण सैल करा: ते हलकंसं आत ओढलं जात असेल तर ठीक, झाकण उडायला बघत असेल आणि धूर फुसफुसत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलेंडरमधला दाब खाली चेंबरमध्ये येतोय. एवढं साधं तपासायच्या आधी कुणी रिंगांचं नाव घेतलं तर गॅरेज बदला.

त्यानंतर चारही प्लग काढा आणि क्रमाने मांडा. एकच काळा, तेलकट असेल तर त्याच सिलेंडरमध्ये काहीतरी आहे. चारही सारखेच तेलकट असतील तर पीसीव्ही किंवा सर्वसाधारण झीज. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घालायची सोय असेल तर पिस्टनचा माथा बघा: मधे कार्बन आणि कडेला धुऊन काढल्यासारखी स्वच्छ रिंगण असेल तर ऑइल रिंगांच्या बाजूने वर येतंय.

कॉम्प्रेशन टेस्टबद्दल (सिलेंडरमधला दाब मोजण्याबद्दल) एक गोष्ट कुणी सांगत नाही. पिस्टनला तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात, तिसरी ऑइल खरवडते. तिसरीची भोकं कार्बनने बुजली किंवा ती खाचेत चिकटली की गाडी ऑइल पिते, पण कॉम्प्रेशन मात्र उत्तम येतं. म्हणून चांगल्या कॉम्प्रेशनवरून रिंगा चांगल्या असं म्हणता येत नाही. कॉम्प्रेशन कमी आलं तर मात्र प्लगच्या भोकातून दोन चमचे, म्हणजे दहाएक मिली ऑइल घालून पुन्हा मोजायला सांगा. दाब चढला तर रिंग-बोअर, जैसे थे राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट.

वॉल्व्ह सीलची (वॉल्व्हच्या दांडीजवळून ऑइल आत येऊ न देणाऱ्या रबराची) खूण वेगळी असते: रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केल्यावर एक निळा फुसका, मग स्वच्छ. सील कडक झाली तर बऱ्याच इंजिनांत सिलेंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून हेड न उतरवता ती बदलता येतात. खर्च हाफ इंजिनच्या जवळपासही जात नाही. तिसरी रिंग चिकटल्याचा संशय असेल तर ऑइल १० हजारांऐवजी दर ५ हजार किमीला बदलून बघा, पूर्ण सिंथेटिक. दोन-तीन बदलांत खप उतरू शकतो, खात्री नाही. जुन्या, गाळ साठलेल्या इंजिनात फ्लश (गाळ सोडवणारं द्रव) टाकू नका. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर खरोखरच इंजिन जाईल.

ऑइल घट्ट करायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ०डब्ल्यू-२० या पातळ ग्रेडवर चालणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे घट्ट ऑइल ओतू नका. व्हीव्हीटी (वॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) आणि बारीक वाटा पातळ ऑइलच्या हिशोबाने केलेल्या असतात. मॅन्युअलच्या तक्त्यात ५डब्ल्यू-३० दिलेलं असेल तर एक पायरी वर जायला हरकत नाही. चांगल्या ऑइलचा फायदा दुसरीकडे आहे. नोआक नावाच्या चाचणीत ऑइल २५० अंशांवर तासभर ठेवून किती उडालं ते पाहतात. एपीआय एसपी या दर्जाच्या ०डब्ल्यू-२० सारख्या ऑइलना १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, युरोपच्या एसीईए सी३ या दर्जाला १३. कंपनीच्या डेटाशीटवर हा आकडा असतो. दहाच्या आसपासचं ऑइल मिळालं तर हायवेचा खप थोडा कमी होतो.

डिझेलवाल्यांसाठी एक: बीएस६ गाडीत डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी अर्धवट जळत राहिली तर डिझेल ऑइलमध्ये उतरून पातळी वर चढते. वरच्या खुणेच्या पुढे गेली तर आनंदी होऊ नका, लगेच ऑइल बदला.

तुम्ही आजच वरच्या खुणेपर्यंत भरून घ्या आणि उरलेला डबा डिकीत ठेवा. एकूण तीन-साडेतीन लिटर मावणाऱ्या इंजिनात खालची खूण म्हणजे पाव ते तिसरा हिस्सा ऑइल गायब. उरलेलं जास्त तापतं आणि लवकर खराब होतं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा पातळीचा नाही, दाबाचा असतो. चालत्या गाडीत तो लागला तर पुढचा पंप गाठायच्या भानगडीत पडू नका. बाजूला घ्या, लगेच इंजिन बंद करा आणि डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल तर भरा. भरूनही सुरू केल्यावर दिवा पाच सेकंदांत गेला नाही, तर गाडी टोइंगनेच न्या.