सही पूर्ण नावानं कर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची सहा पानं मिळाली. पानांबद्दल शेवटी लिहिते, आधी तुझ्या प्रश्नाकडे वळते. अमेरिकेतल्या सुपरहीरो कॉमिक्सच्या प्रकाशकांना नमुने पाठवताना पूर्ण नाव घालू की नुसती आद्याक्षरं, असं तू विचारलंस. मुलगी आहे हे कळलं की लोक इंटरनेटवर वाट्टेल ते लिहितात, म्हणून घरचे आद्याक्षरांवर अडून बसलेत. त्यांची काळजी खोटी नाही. तरीही माझं मत वेगळं आहे, आणि ते का, हे जरा सविस्तर सांगते.

तुझ्या आधीही या धंद्यातल्या बायकांना हा प्रश्न पडला होता. एप्रिल १९४१ मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रांत 'मिस फ्युरी' ही चित्रमालिका सुरू झाली. काळ्या बिबट्याच्या कातड्याचा पोशाख घालणारी ही नायिका वंडर वूमनच्याही काही महिने आधीची. ती काढणाऱ्या बाईंचं नाव जून टार्पे मिल्स. एवढ्या धाडसी गोष्टी एक बाई काढते हे कळलं तर वाचणाऱ्या मुलांचा विरस होईल, असं त्यांना वाटलं. म्हणून 'जून' गाळून त्यांनी 'टार्पे मिल्स' अशी सही केली.

खुद्द वंडर वूमनचंच बघ. तिचे जनक विल्यम मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होते. १९४४ मध्ये त्यांनी जॉय हमेल या आपल्या विद्यार्थिनीला मदतनीस म्हणून घेतलं. त्याच वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि हळूहळू लिखाणाचा भार हमेलवर आला. विशीतल्या त्या मुलीनं १९४७ पर्यंत सत्तरहून जास्त कथा लिहिल्या. छापलं गेलं ते मार्स्टन यांचं टोपणनाव, चार्ल्स मोल्टन. २०१८ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक कॉनमध्ये तिला उपेक्षित कॉमिक-लेखकांसाठीचा बिल फिंगर पुरस्कार मिळाला तेव्हा ती ९४ वर्षांची होती. हे वाचताना माझ्या पोटात अजून कालवतं. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या नायिकेच्या गोष्टी तिनं लिहिल्या, आणि हातात दाखवायला सत्तर वर्षं काही नाही.

मार्व्हल या कॉमिक्सच्या कंपनीत साठीच्या दशकात संपादक स्टॅन ली यांच्या हाताखाली फ्लो स्टाइनबर्ग होत्या. वाचकांच्या पत्रांचे ढीग, चित्रकारांमागे लागणारा तगादा, सेन्सॉरकडे जाणारी पानं, सगळं त्या सांभाळायच्या. आठवड्याला पाच डॉलरची पगारवाढ नाकारली गेली म्हणून १९६८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

आता कागदावरच्या बायकांकडे ये. कॅरल डॅन्व्हर्सला, म्हणजे कॅप्टन मार्व्हलला, तू सिनेमातून ओळखतेस, पण तिची जुनी पानं तू वाचायलाच हवीस. ती मार्व्हलमध्ये १९६८ ला आली आणि १९७७ मध्ये 'मिझ मार्व्हल' या नावानं तिला स्वतःचं कॉमिक मिळालं. त्यात ती एका स्त्रियांच्या मासिकाची संपादक असते आणि मालकाशी पगारावरून वाद घालते. त्या काळाच्या मानानं हे मोठं पाऊल होतं. १९७९ मध्ये ते कॉमिक बंद झालं. पुढच्याच वर्षी ती ज्या चमूत होती त्या 'ॲव्हेंजर्स'च्या कॉमिकचा २०० वा अंक आला. त्यात कॅरलला अचानक दिवस जातात आणि बघता बघता ती बाळंत होते. मूल काही तासांत पुरुष होऊन उभं राहतं आणि सांगतं, की मीच तुला माझ्या मितीत ओढून नेलं होतं, यंत्राच्या मदतीनं तुझं मन वळवलं होतं आणि तुझ्या पोटी स्वतःलाच जन्माला घातलं. हे ऐकून कॅरल त्याच्यासोबत निघून जाते. इतकी वर्षं तिच्या खांद्याला खांदा लावून लढलेले सहकारी तिला जाऊ देतात, ती सुखी होईल अशी आशा करत. तिला कोणी एक प्रश्न विचारत नाही. कथेच्या श्रेयात चार नावं आहेत, चारही पुरुषांची. त्या चौघांना वाईट हेतूचे ठरवायचं माझ्या मनात नाही. पण त्या टेबलाशी एखादी बाई बसलेली असती तर तिनं विचारलं असतं, की तिची संमती कुठे आहे?

तो प्रश्न बाहेरून आला. कॅरल स्ट्रिकलंड नावाच्या एका वाचक बाईनं चाहत्यांच्या छोट्याशा नियतकालिकात लेख लिहिला. झालं त्याला तिनं शीर्षकातच बलात्कार म्हटलं आणि कथा पानापानानं उलगडून दाखवली. तिच्या हाती ना पद होतं ना ओळख, होतं ते बारकाईनं केलेलं वाचन. याआधी मिझ मार्व्हल लिहिणारे ख्रिस क्लेअरमाँटही त्या कथेनं अस्वस्थ झाले होते. १९८१ च्या 'ॲव्हेंजर्स' वार्षिक अंकात त्यांनी कॅरलला परत आणलं आणि सहकाऱ्यांच्या तोंडावर सुनवायला लावलं, की मला तुमची गरज होती तेव्हा तुम्ही मला त्याच्या हवाली केलंत. २०१२ मध्ये केली सू डीकॉनिक यांच्या लेखणीतून ती कॅप्टन मार्व्हल झाली. पोहण्याच्या कपड्यासारखा जुना पोशाख जाऊन अंगभर वैमानिकी पोशाख आला. तिच्यासाठी बायका-मुलींचा मोठा चाहतावर्ग उभा राहिला. मग २०१९ मध्ये सिनेमा यायच्या आधीच, एकही खेळ झालेला नसताना, परीक्षणांच्या संकेतस्थळावर त्याच्याविरुद्ध नकारात्मक शेऱ्यांचा पाऊस पाडला गेला. शेवटी त्या संकेतस्थळानं प्रदर्शनापूर्वीचे शेरे घेणंच बंद केलं. सिनेमानं एक अब्ज डॉलरहून जास्त कमावले.

चाहत्यांबद्दल तुझ्या आईवडिलांना जे वाटतं ते खरं आहे, मी लपवणार नाही. २०१४ मध्ये जॅनेल असेलिन यांनी 'टीन टायटन्स'च्या एका मुखपृष्ठावर टीका केली. शाळकरी वयाच्या नायिकेची छाती शस्त्रक्रिया केल्यासारखी काढलीय, एवढंच त्यांचं म्हणणं. असेलिन स्वतः या धंद्यात संपादक राहिलेल्या. त्याच सुमारास त्या कॉमिक्सच्या जगातल्या लैंगिक छळाबद्दल एक पाहणी करत होत्या. त्या पाहणीच्या उत्तरांत त्यांना बलात्काराच्या धमक्या आल्या. २०१६ मध्ये लेखिका चेल्सी केन यांच्या 'मॉकिंगबर्ड' या कॉमिकच्या शेवटच्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायिकेच्या टी-शर्टवर स्त्रीवादाबद्दल एक ओळ होती. तेवढ्यावरून इतका त्रास झाला की त्यांनी ट्विटर सोडलं. २०१७ मध्ये वंडर वूमन छापणाऱ्या डीसी कंपनीतल्या एका वरिष्ठ संपादकाविरुद्धच्या जुन्या तक्रारी छापून आल्या आणि त्याला काढण्यात आलं. बायकांनी त्या तक्रारी कंपनीकडे कितीतरी वर्षं आधी केल्या होत्या, आणि मधल्या काळात त्याला बढतीही मिळाली होती. मला धमक्यांपेक्षा याची चीड जास्त येते. धमकी देणारा अनोळखी असतो, इथे तर फाइल कपाटात होती.

एवढं सगळं माहीत असूनही मी म्हणते, पूर्ण नावानं सही कर. पानावर, करारात, श्रेयनामावलीत, सगळीकडे आईवडिलांनी ठेवलेलं नाव आणि आडनाव. आद्याक्षरांनी त्रास टळेल तो फार तर पहिल्या मुलाखतीपर्यंत, आणि केलेलं काम मात्र हमेलसारखं दुसऱ्याच्या खात्यात जाईल. नाव द्यायचं म्हणजे पत्ता द्यायचा असं नाही. कामाचा ईमेल वेगळा ठेव, फोन नंबर आणि घराचा पत्ता कुठेही जाहीर करू नकोस, घराच्या गॅलरीतून दिसणारं दृश्यसुद्धा फोटोत टाकू नकोस. घाणेरडे निरोप वाचायचं काम भावाला किंवा मैत्रिणीला दे. पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढून तारखेसकट ठेवायला सांग, पुढे सायबर पोलिसांकडे जायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतात.

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या स्टुडिओत काम धरलंस तर पहिल्या आठवड्यातच विचार, अंतर्गत तक्रार समिती कुठे आहे आणि तिच्यावर कोण आहे. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती असायलाच हवी. त्याहून लहान जागा असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते, म्हणून 'बघू, शांत होईल' म्हणत दिवस घालवू नकोस. परदेशी प्रकाशकासाठी घरी बसून काम करताना हे कवच तुझ्यापर्यंत सहज पोचणार नाही. तिथे जे ठरेल ते ईमेलवर लेखी घे. तोंडी बोलणं झालं तरी त्याच दिवशी दोन ओळींत लिहून पाठव. करार सही करण्याआधी माझ्याकडे पाठव. श्रेय कोणत्या शब्दांत छापणार हे कलम त्यात नसेल तर आपण ते घालून मागू.

आता पानं. तुझी शाई सुरेख आहे, पावसाचं पान तर मी दोनदा पाहिलं. तिसऱ्या पानावर मात्र नायिका गच्चीवर उतरते तिथे तिची छाती आणि पार्श्वभाग दोन्ही एकाच वेळी वाचकाकडे वळलेत. माणसाचा कणा असा वळत नाही, आणि अशा पवित्र्यात उतरली तर पहिल्या धक्क्याला पाय मोडेल. तू हे मुद्दाम केलेलं नाहीस, तू पाहत आलीस तेच हातात उतरलंय. २०१२ च्या सुमारास काही चित्रकारांनी असे पवित्रे उचलून त्यांत हॉकआयला बसवायला सुरुवात केली. धनुर्धारी पुरुष त्या अवस्थेत पाहिला की काय चुकतंय ते कोणालाही समजतं. तूही तुझ्या खलनायकाला त्याच पवित्र्यात काढून बघ, मग पान नव्यानं मांड.

सहाव्या पानावर नायकाची बहीण मरते आणि लगेच पुढच्या चौकटीत नायकाचा रागानं लाल चेहरा. १९९४ मध्ये 'ग्रीन लँटर्न' या कॉमिकमध्येही असंच नायकाच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलं होतं. १९९९ मध्ये गेल सिमोन यांनी अशा मारल्या गेलेल्या, जायबंदी झालेल्या नायिकांची यादीच जगापुढे ठेवली. तेव्हा त्या केशकर्तनाचं काम करत, पुढे वंडर वूमन आणि बॅटगर्ल लिहू लागल्या. ती यादी शोध आणि पूर्ण वाच. मग बहिणीला मरणाआधी निदान दोन पानं दे. ती काय काम करते, कोणाशी भांडलीय, संध्याकाळी तिला कुठे जायचं होतं, हे आम्हाला दिसू दे. ते लिहिताना ती मरायलाच हवी का, हा प्रश्न तुला पडला तर तीही शक्यता काढून बघ. दोन्ही आवृत्त्या पाठव, कच्च्या पेन्सिलीत चालतील.

तुझी,
ताई