निओची जोडी घरात कुठे ठेवाल?

निओ हे बुद्धाचे रक्षक, जपानी बौद्ध मंदिरांच्या दाराशी जोडीने उभे राहणारे. म्हणून दोघांना शोकेसमध्ये एकाच कोपऱ्यात दाटीवाटीने कोंबू नका. घरात बुद्धमूर्ती असेल तर ती मधोमध आणि थोडी उंचावर, हे दोघे दोन्ही बाजूंना. तोंड उघडलेला अग्यो सहसा पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला आणि तोंड मिटलेला उंग्यो डावीकडे. जपानमधल्या नारा शहरातल्या तोदाइजी मंदिराच्या दक्षिण महाद्वारात मात्र उलट आहे, शिवाय तिथे ते एकमेकांकडे तोंड करून आहेत. तिथली जोडी उनकेई, काइकेई हे मूर्तिकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1203 साली घडवली. उंची आठ मीटरच्या वर, हिनोकी (जपानी सायप्रस) लाकडाचे अनेक तुकडे सांधून उभी केलेली. फोटोत पोटऱ्यांच्या शिरा जरूर पाहा, अंगावर काटा येतो.

जोडी फोडून एकच मूर्ती कुणाला भेट देऊ नका, मला ते अजिबात पटत नाही. जमिनीवर, चपलांच्या रॅकशेजारी किंवा बाथरूमच्या भिंतीला लागूनही नको.

आपल्याकडे हात आपसूक तेल-शेंदराकडे जातो. इथे तो आवरा. तेलाने धूळ चिकटते, जुना रंग काळवंडतो. ओलं फडकंही नको, मऊ कोरड्या ब्रशने वरून खाली झाडा. पावसाळ्यात भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा आणि लाकूड किडतंय का हे कळायला बुडाशी भुसा दिसतोय का ते बघत राहा. ऊन आणि एसीचा थेट झोत टाळा, लाकूड तडकतं.

अजिंठ्याला गेलात तर पहिल्या लेण्यातलं वज्रपाणी या बोधिसत्त्वाचं चित्र नक्की बघा. निओंचं मूळ त्याच्याशीच जोडलं जातं.