सोलापूरजवळ नदीकाठच्या कॅम्पवर युर्ट घ्यावा की साधा तंबू?

तुमचा प्रश्न असा आहे, की दिवाळीआधी, ऑक्टोबरात, दोन लहान मुलांना घेऊन भीमेकाठच्या एका कॅम्पवर दोन रात्री राहायचंय, तिथे साधा तंबू आणि युर्ट, म्हणजे मंगोलियाच्या धर्तीचा गोल तंबू, असे दोन पर्याय आहेत, युर्टचं भाडं तिप्पट आहे, तर तेवढे पैसे घालावेत का. घालू नका. तंबू घ्या. आणि ऑक्टोबरात जाऊच नका. झालं उत्तर. पुढचं वेळ असेल तर वाचा, कारण हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

माझे वडील एका दिंडीचे तंबूवाले. माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरली की नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम. दिंडी चालत येणार, तंबूचा ट्रक पुढे जाणार, आणि माणसं टेकायच्या आत राहुट्या उभ्या, कनाती बांधलेल्या, भोवती चर खणलेले. आभाळात ढग असो नसो, चर खणायचाच. मी मेखा धरायचो, वडील घण घालायचे. सोलापुरात आज माझं मंडपाचं दुकान आहे ते त्यातूनच उभं राहिलं. हे सांगायचं कारण, आमच्या साडूंनी एका लग्नात चारचौघांत म्हटलं होतं, "ह्यांना काय विचारता, तंबूवाल्याचा मुलगा, ह्यांना लक्झरी काय कळणार." सगळे हसले. विषय तिथेच संपला, म्हणजे त्यांच्यापुरता.

तर ह्याच साडूंनी संक्रांतीच्या सुमारास हुरडा पार्टीचं काढलं. भीमेच्या काठी, मंगळवेढ्याच्या बाजूला, नवाकोरा कॅम्प. पोरांना खरं तर गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसायचं होतं. पण साडूंनी मोबाइलवर युर्टचे फोटो दाखवून सगळ्यांना गुंडाळलं. दोन युर्ट बुक झाले. अॅडव्हान्स मी भरला.

युर्ट दिसायला झकास होता, खोटं कशाला बोलू. पाण्यापासून पंधरा-वीस पावलांवर लाकडी डेक, त्यावर पांढरा गोल, वर पारदर्शक घुमट, बाहेर वेताच्या खुर्च्या. आत गादी, एसी आणि भिंतीवर वारली चित्रं. मंगोलियाच्या घरात वारली कशाला, ते विचारू नका. साडू म्हणाले, "मंगोलियाचं तंत्र आहे साडूभाऊ, शेकडो वर्षं टिकलंय." टिकलंय, मान्य. पण ते कशामुळे टिकलं ते तरी बघाल की नाही? तिकडे भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची उघडमीट होणारी जाळी, वर मधल्या कड्यात खोचलेल्या काठ्या, आणि ह्या सगळ्यावर मेंढीच्या लोकरीचे जाड थर. उणे ३० अंशांच्या थंडीत मधोमध चूल पेटते, धुराडं त्या कड्यातून बाहेर निघतं. उन्हाळ्यात लोकरीची खालची कड वर गुंडाळतात, म्हणजे वारा खालून शिरतो आणि गरम हवा वरून निघून जाते. २०१३ साली युनेस्कोनं ह्या कारागिरीला वारशाच्या यादीत घेतलं ते उगाच नाही. ती लोकरसुद्धा आपल्याला परकी नाही. आपल्याकडची जेन, ते लोकरीचं जाड अंथरूण, तशीच होते, विणून नाही, लोकर भिजवून आणि दाबून. सांगोल्याच्या एखाद्या मेंढपाळाला खरा युर्ट दाखवा, तो अर्ध्या तासात त्याचं गणित सांगेल.

ह्या कॅम्पवरच्या युर्टला लोकरीचा एक धागा नव्हता. सगळं पीव्हीसीचं कापड. खालची कड स्क्रूनं डेकला ठोकलेली, घुमट सीलबंद. जानेवारीची दुपार, तरी आत घामाच्या धारा. एसी लावावा तर लाइट गेलेली, जनरेटर म्हणे दुरुस्तीला. आणि पहाटे बरोबर उलटं होतं. आतल्या माणसांच्या श्वासाची वाफ त्या थंड प्लास्टिकला लागते, तिचं पाणी होतं, आणि घुमटाच्या कडेवरून थेंब टपटप उशीवर. ज्यांनी अख्खी रात्र काढली त्यांनीच हे सांगितलं. मी का काढली नाही ते पुढे येतंय.

संध्याकाळी हुरडा झाला, शेंगाचटणी, गूळ, दही, वर बाजरीची भाकरी. झोपण्याआधी मी खाली गेलो आणि पाण्याच्या कडेला एक बाभळीची काठी रोवली. वडिलांची सवय. नदीकाठी मुक्काम असला की ते काठी रोवल्याशिवाय अंथरुणाला टेकत नसत. साडू वरून बघत होते. "का ओ, जानेवारीत पूर येतो का?"

आता हे सोलापूरकरांनाही सांगावं लागतं, ह्याचं मला नवल वाटतं. उन्हाळ्या-हिवाळ्यात शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी उजनी धरणातून भीमेत पाणी सोडत आलेत. ते नदीच्या पात्रातून वाहत औज बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून पुढे नळाला. म्हणजे आभाळ कोरडं ठाक असताना नदी चढते. शिवाय पात्रात जागोजागी कोल्हापुरी बंधारे आहेत, त्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले-घातले की पातळी हलते ती वेगळीच. पाणी सोडल्याची बातमी त्या आठवड्यात पेपरात आली होती, नदीकाठच्यांनी मोटारी काढून घ्याव्यात वगैरे. मी वाचली होती. साडू पेपर वाचत नाहीत, त्यांना सगळं आधीच माहीत असतं.

मध्यरात्री उठलो, बॅटरी घेऊन खाली गेलो. काठी पाण्यात होती, वरचं वीतभर टोक तेवढं दिसत होतं. पाण्याला आवाज नाही. नुसता फेस, पेंढा आणि जलपर्णीचे पुंजके सरकत होते, आणि ते सरकताहेत हे बॅटरी एका जागी धरल्यावरच कळत होतं. मागून कॅम्पचा राखणदार आला आणि शांतपणे म्हणाला, "अण्णा, पाणी येलालंय की." त्याला काही विशेष वाटलं नव्हतं. तो इथलाच, दरवर्षी बघतो.

बायकोला उठवलं. ती म्हणाली, "अहो, पोरं आत्ता कुठे झोपलीत, सकाळी बघू." पण उठली. वर उसाच्या बांधाला लागून कामगारांचे दोन जुने कॅनव्हासचे तंबू होते, एक रिकामा. तिथे पोरं नेऊन झोपवली, साडूंचीसुद्धा. त्यांचा धाकटा अर्धवट झोपेत म्हणाला, "काका, इथं भारीये." साडूंना उठवायला गेलो तर आतून उत्तर आलं, "तुम्ही जा, मी पैसे भरलेत." अॅडव्हान्स कोणी भरला होता ते वर लिहिलंय.

उजाडता उजाडता पाणी डेकला लागलं. फार नाही, गुडघाभर. वेताच्या खुर्च्या गेल्या, शेगडी गेली, साडूंचे बूट गेले. आणि साडू पँट गुडघ्याच्या वर खोचून, बॅग डोक्यावर घेऊन, तोंडात ब्रश तसाच, पाण्यातून चालत आमच्या तंबूकडे आले. मी फोटो काढला नाही. बायकोनं काढला. नंतर ते मॅनेजरशी तासभर भांडले, "आम्हाला सांगायला नको?" सांगायला हवं होतं, हे खरंच. पण पाणी कुठवर येतं हे बघायला मॅनेजर लागत नाही. काठावरच्या बाभळीच्या फांद्या बघा. चिंध्या, पाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या जिथवर अडकलेल्या दिसतात तिथवर मागच्या पुराचं पाणी येऊन गेलंय. त्या युर्टच्या मागच्या बाभळीला माझ्या डोक्याच्या वर पाचोळा लटकत होता.

आता तुमचा ऑक्टोबर. जानेवारीचं ते गुडघाभर पाणी माणसानं सोडलेलं होतं. ऑक्टोबरात उजनी बहुतेक काठोकाठ असते. परतीचा पाऊस झाला की वरून आलेलं पाणी ठेवायला धरणात जागा नसते, आलं तेवढं खाली सोडावं लागतं. त्यात वीर धरणाचं पाणी नीरेतून येऊन नीरा नरसिंहपूरला भीमेत मिसळतं, म्हणजे उजनीच्या खाली. नुसतं "उजनीतून किती क्युसेक सोडलं" एवढंच बघून निघालात तर निम्मीच गोष्ट कळली. २०२० च्या ऑक्टोबरच्या मध्याला भीमेनं पंढरपुरापासून खाली काय केलं ते आठवा. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं माढा-मोहोळकडे काय केलं ते तर विसरायला वेळच झालेला नाही.

आणि तंबूतल्या लक्झरीचंच बोलायचं तर आपल्या जिल्ह्यात औरंगजेबाएवढी लक्झरी कोणी केली नसेल. माचणूरजवळ ब्रह्मपुरीला, ह्याच भीमेकाठी, १६९५ ते १६९९ त्याची छावणी होती. पुढे १७०० च्या ऑक्टोबरात सांगोल्याकडे खवासपूरला माण नदीच्या काठी मुक्काम पडला. पाऊस वर डोंगरात झाला आणि रात्री पाण्याचा लोंढा छावणीत घुसला. धावपळीत बादशहा अडखळला, गुडघा निखळला, आणि पुढे आयुष्यभर लंगडत राहिला. माण ही एरवी कोरडी पडणारी नदी. बादशहाला कोणी अडवणारं नव्हतं म्हणा, पण तुम्हाला मी आहे.

पुराच्या रेषांचंही विचारून घ्या. पाटबंधारे खातं दोन रेषा आखतं. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नसतं. बरेच कॅम्पवाले म्हणतात, "आमचं बांधकाम नाहीच, तंबू आहेत." त्यांचं कायद्यानं काय व्हायचं ते होवो, झोपणार तुम्ही आहात.

तंबू घेतलात तर थोडं बघून घ्या. वाळूत नुसती मेख धरत नाही. पोत्यात वाळू भरून, त्याला तणाव, म्हणजे तंबूची ताणदोरी, बांधून, ते पोतं पुरलेलं असेल तर कॅम्पवाल्याला अक्कल आहे असं समजा. काळ्या रानात मेख कोरडेपणी घट्ट बसते आणि एका सरीत सैल होते, म्हणून तिथे चर बघा. कॅनव्हास सुती असेल तर भिजल्यावर त्याचे धागे फुगून विण घट्ट बसते आणि गळत नाही, फक्त पोरांना सांगा की आतून बोट लावायचं नाही. लावलं की नेमकं तिथून ठिबकतं. सुती दोऱ्या भिजून आखडतात, पावसात त्या जरा ढिल्या कराव्या लागतात, नाहीतर मेखा उपटतात. हे सगळं मॅनेजरला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर घरी या.

थंडीसाठी: सोलापुरी चादर दोन खाली, एक वर. लोक उलटं करतात आणि रात्रभर कुडकुडतात. थंडी खालून जमिनीतून येते.

पोरांना नदीत उतरवू नका, कॅम्पवाल्यानं "उथळ आहे" म्हटलं तरी. वाळू उपसून उपसून पात्रात खड्डे झालेत. घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल डोक्यावरच्या पाण्यात पडतं. ह्यात मला वाद नको.

मच्छरदाणी लावा आणि तिची कड गादीखाली खोचा. डासांसाठी तर हवीच, पण मुख्य म्हणजे मण्यारसाठी. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा दुखतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखायला लागलं, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या तर उशीर न करता १०८ ला फोन आणि सरकारी दवाखाना, तिथे प्रतिविष मिळतं. देवऋषी नको. खालचा तळ शिवलेला, चेनचा तंबू ह्या बाबतीत युर्टपेक्षा बरा. त्या डेकच्या फटीतून बेडूक आत येताना मी पाहिलाय, आणि बेडकामागून कोण येतं ते सांगायला नको.

कोणी म्हणेल, मंडपवाला तंबूचीच बाजू घेणार. घेणारच. पण न्यायानं बोलायचं तर उंचावर, झाडाच्या सावलीत, लोकरीचा किंवा निदान सुती कापडाचा, खालची कड उचलता येईल असा युर्ट कोणी उभारला तर मी स्वतः जाऊन राहीन. गोल असल्यामुळे वाऱ्यात तो राहुटीपेक्षा चांगला तग धरतो, हेही खरं. आणि सोबत म्हातारं माणूस असेल, वाकून आत शिरता येत नसेल, तर उभ्यानं वावरता येतं हा फायदा मोठा आहे. मुलं तुमची किती लहान आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. अगदी तान्हं असेल तर दोन्ही सोडा, पंढरपुरात किंवा मंगळवेढ्यात खोली घ्या आणि दिवसा नदी बघून या.

जायचंच तर डिसेंबर-जानेवारीत जा. हुरडा मिळेल. सवड असेल तर हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम बघा, तिथे शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे आणि एकाच पिंडीवर शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग. मुलांना ती मुखं मोजायला लावा, दुपार निघून जाते.

साडू ह्या साइटवर असतात असं ऐकलंय. असतील तर दोन्ही युर्टचा अॅडव्हान्स मी भरला होता, त्यातले तुमचे निम्मे अजून यायचे आहेत.