इंग्रजीत कुत्र्याला ‘मट’ (mutt) म्हणतात, त्याचा मटणाशी संबंध आहे का?

हो, आहे. ‘मट’ हे बहुधा ‘मटनहेड’चं लघुरूप. मटनहेड म्हणजे मेंढीच्या डोक्याचा, थोडक्यात मठ्ठ माणूस. (मुंबईत मटण म्हणजे बहुतेकदा बोकडाचं, इंग्रजीत मात्र मेंढीचं.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन बोलीत ‘मट’ आधी मूर्ख माणसाला म्हणत, मग मिश्र जातीच्या कुत्र्याला म्हणू लागले.

आपल्या गल्लीतल्या गावठी कुत्र्याला सरसकट ‘मट’ म्हणणं मला पटत नाही. तो इथलाच, त्याला ‘इंडी’ म्हणा. लॅब्राडोर आणि गावठी यांचं पिल्लू असेल तर ‘मट’ बरोबर. स्वतःच्या कुत्र्याला लाडाने चालतं, शेजाऱ्याच्या कुत्र्याला म्हटलंत तर त्यांना लागेल. डॉक्टरांच्या फॉर्मवर ‘मिक्स्ड ब्रीड’च लिहा.