वाचकांचे प्रश्न: एल्कोचे ४० एकर, चकोर आणि ऑक्टोबरची थंडी

प्रश्न : आम्ही तिघा मित्रांनी नेवाडातल्या एल्को काउंटीत ४० एकर जमीन ऑनलाइन घेतली. अजून प्रत्यक्ष पाहिलेली नाही. ऑक्टोबरमध्ये तिथे तंबू ठोकून हरणाची शिकार करायची इच्छा आहे. स्वतःच्याच जमिनीवर शिकारीला काय काय लागतं?

हरणाचा बेत यंदा बाजूला ठेवा. जमीन तुमची असली तरी तिच्यावरून चालणारं जनावर राज्याचं असतं. नेवाडात म्यूल डिअर (तिथलं हरीण), प्राँगहॉर्न (काळविटासारखा प्राणी) आणि एल्क (मोठं हरीण) यांचे टॅग, म्हणजे एकेक जनावर मारण्याचे परवाने, सोडतीने मिळतात. अर्ज वसंत ऋतूत भरायचे असतात आणि मुदत साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यात संपते. टॅगवर युनिट (शिकारीचा विभाग), हत्याराचा प्रकार आणि तारखा ठरलेल्या असतात. तुमची जमीन ज्या युनिटात येते, त्याच युनिटाचा टॅग लागला तरच तिथे हरणावर गोळी झाडता येईल. जमीनमालकांना वेगळे टॅग मिळतात हे खरं आहे, पण ती नुकसानभरपाई असते. हरणं किंवा प्राँगहॉर्न खासगी जमिनीवर चरून नुकसान करतात, तेव्हा मोजणी होते आणि दर ५० जनावरांमागे एक टॅग मिळतो. सेजब्रशच्या, म्हणजे रुक्ष झुडपांच्या, ४० एकरांवर तो आकडा गाठला जाणार नाही. शिवाय जमीन घेतली म्हणून तुम्ही राज्याचे रहिवासी ठरत नाही. त्यासाठी तिथे सहा महिने खरोखर घर करावं लागतं, तोवर परराज्यातल्या माणसाची फी आणि परराज्याचाच कोटा.

यंदा चकोराची किंवा सशाची शिकार जमण्यासारखी आहे, त्याबद्दल पुढच्या उत्तरांत लिहिलं आहे. त्याआधी जमीन नक्की कुठे आहे ते शोधा. काम वाटतं त्याहून अवघड आहे.

१८६२च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंचे विषम क्रमांकाचे सेक्शन दिले आणि सम क्रमांकाचे सरकारकडे राहिले. त्यामुळे नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो : एक घर खासगी, शेजारचं सरकारी. सेक्शन म्हणजे एक मैल बाय एक मैल, ६४० एकर. त्याचे १६ तुकडे केले की प्रत्येकी ४० एकर होतात, बाजू १,३२० फूट. सरकारी मोजणीत सेक्शनच्या कोपऱ्यांवर आणि अर्ध्या मैलावर खुणा पुरल्या गेल्या. ४० एकरांच्या कोपऱ्यांवर सहसा काहीच पुरलेलं नसतं. म्हणजे तुमच्या चारपैकी एखादाच कोपरा जमिनीवर सापडेल, उरलेले मोजून काढावे लागतात.

खूण ओळखायची कशी? नव्या मोजणीची असेल तर जमिनीतून थोडा वर आलेला लोखंडी पाइप आणि त्यावर तळहाताएवढी पितळी टोपी. टोपीवर टाउनशिप, रेंज (मोजणीच्या जाळ्यातले आडवे-उभे पट्टे) आणि सेक्शनचे क्रमांक व मोजणीचं वर्ष ठोकलेलं असतं. जुन्या मोजणीचा नुसता उभा दगड असतो. सेक्शनच्या कोपऱ्याचा असेल तर कडेला छिन्नीच्या खाचा, अर्ध्या मैलाचा असेल तर ¼ कोरलेलं. तो सेजब्रशच्या बुंध्याशी आडवा पडलेला असला तरी हलवू नका, सरळही करू नका. सरकारी मोजणीची खूण जाणूनबुजून हलवणं हा केंद्रीय गुन्हा आहे.

फोनवरच्या नकाशातली सीमारेषा फक्त अंदाजासाठी वापरा. फोनचं स्थान तीन ते पाच मीटर चुकतं, आणि काउंटीच्या नकाशातली रेष मुळातच कित्येक फूट सरकलेली असू शकते. पहिल्या फेरीत तंबू रेषेपासून किमान १०० मीटर आत ठोका. कुंपण घालायचं किंवा केबिन बांधायची, तर परवानाधारक सर्वेयरकडून मोजणी करून घ्या.

रस्त्याचंही तसंच. डीडमध्ये (खरेदीखतात) ‘ॲक्सेस’ असं मोघम लिहिलेलं असतं. कच्चा रस्ता शेजाऱ्याच्या सेक्शनमधून जात असेल आणि वहिवाटीचा हक्क नोंदलेला नसेल, तर तो उद्या फाटक बंद करू शकतो. काउंटी रेकॉर्डरकडे ईझमेंटची नोंद शोधा. कोपऱ्यावरून कोपऱ्यावर, म्हणजे एका सरकारी सेक्शनवरून तिरकस दुसऱ्यावर पाऊल टाकणं, हा वेगळा प्रश्न आहे. वायोमिंगच्या खटल्यात दहाव्या सर्किट कोर्टाने (केंद्रीय अपील कोर्ट, प्रत्येकाच्या हद्दीत ठरावीक राज्यं येतात) मार्च २०२५मध्ये त्याला मुभा दिली आणि ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायला नकार दिला. पण नेवाडा नवव्या सर्किटमध्ये येतं, तिथे तो निकाल बंधनकारक नाही. त्याच्या भरवशावर पाऊल टाकू नका. खांबाच्या टोकाला किंवा दगडावर झळझळीत नारिंगी रंग दिसला, तर कुंपण नसलं तरी तो ‘आत येऊ नका’ असा कायदेशीर इशारा आहे.

प्रश्न : मी एच-१बीवर आहे, ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे. मित्राची बंदूक घेऊन त्याच्यासोबत शिकारीला जाता येईल का?

हे उत्तर दोनदा वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर देशात आलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. एच-१बी, एच-४, एफ-१ सगळे त्यात आले. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत नुसत्या अर्जाने फरक पडत नाही. बंदूक मित्राची आहे, आपण ‘फक्त धरली’, हा बचाव चालत नाही, कारण कायदा मालकी पाहत नाही, ताबा पाहतो. शिक्षा १५ वर्षांपर्यंतची आहे, आणि व्हिसावर गदा येते ती वेगळीच.

अपवाद आहे आणि तो सरळ आहे : अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. म्हणून क्रम चुकवू नका. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स (नेवाडात १ जानेवारी १९६०नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लागतो), मग परवाना, आणि त्यानंतरच बंदुकीला हात. कोर्सच्या प्रात्यक्षिकात खरी बंदूक हाताळायची असेल तर आधी विचारून घ्या. परवान्याची मुदत संपली की त्या दिवसापासून घरातली बंदूकही बेकायदा ठरते.

एका ठिकाणी लोक हमखास फसतात. नेवाडात काळ्या शेपटीचा जॅकरॅबिट संरक्षित नाही, त्याच्या शिकारीला राज्य परवाना मागत नाही. ‘सशाला लायसन लागत नाही’ हे मित्राचं वाक्य त्याच्यापुरतं खरं असतं. तुम्हाला मात्र परवाना सशासाठी नाही, बंदुकीसाठी लागतो. छापील प्रत खिशात ठेवा, त्या भागात फोनला रेंज नसते.

प्रश्न : नेवाडातला ‘चकर’ म्हणजे आपला चकोरच का? तो कुठे सापडतो?

हो, तोच. कवितेत चांदणं पिणारा चकोर इथे गवताचं बी टिपतो. १८९३मध्ये कराचीहून काही जोड्या इलिनॉयला आणल्या गेल्या, नंतर पश्चिमेतल्या कोरड्या डोंगरांत तो रुजला आणि नेवाडात १९४७पासून त्याची शिकार सुरू आहे. हंगाम सहसा ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, दिवसाला सहा पक्षी. त्या वर्षीचं नियमपत्रक पाहूनच निघा.

सपाट सेजब्रशमध्ये त्याला शोधू नका. उभा उतार, खडकांचे कडे, त्याखाली चीटग्रास (कुसाळी गवत) आणि दीड-दोन किलोमीटरच्या आत पाणी, असा डोंगर निवडा. तुमचे ४० एकर खोऱ्याच्या तळाशी असतील तर तळ तिथे ठेवा आणि शिकारीला सरकारी सेक्शनच्या डोंगरावर जा. ऑक्टोबरमध्ये पाऊस झालेला नसेल तर थवे पाण्याभोवती असतात. पाऊस पडून कोवळं गवत फुटलं की ते पांगतात. बर्फ पडला की दक्षिणेकडचे उघडे उतार धरतात.

चकोर चढावर पळतो आणि उतारावर उडतो. खालून चढत गेलात तर तो पायीच तुमच्या पुढे राहतो, दमछाक होते आणि शेवटी तो माथ्यापलीकडे निघून जातो. म्हणून आधी दुसऱ्या बाजूने माथा गाठा. सकाळी थांबून ‘चक्-चक्-चकार्’ अशी साद ऐका आणि थव्याच्या वरच्या अंगाने आडवे चालत या. १२ किंवा २० गेजची छर्ऱ्यांची बंदूक, मॉडिफाइड चोक (नळीचं तोंड मध्यम अरुंद), ६ किंवा ७½ नंबरचे छर्रे. पक्षी खाली सुटतो, म्हणून नेम त्याच्या खाली धरावा लागतो. नवशिक्याची गोळी बहुतेक वेळा वरूनच जाते. सोबत कुत्रा असेल तर त्याच्या पायांत बूट घाला आणि दर संध्याकाळी बोटांच्या बेचक्या आणि कान तपासा. चीटग्रासचं कूस कातडीत शिरलं की आतच सरकत जातं.

पाण्याचा डबका दिसला म्हणून शेजारी मुक्काम करू नका. जनावरांची वाट अडेल अशा रीतीने पाणवठ्याच्या १०० यार्डांच्या आत तळ टाकायला नेवाडात मनाई आहे.

प्रश्न : चौघं, पाच दिवस, उंची साधारण ६,००० फूट. पाणी किती न्यावं आणि थंडीची तयारी कशी करावी?

पिणं, स्वयंपाक आणि हातपाय धुणं मिळून माणशी रोज ७.५ लिटर धरा. चौघांना पाच दिवसांचे १५० लिटर, आणि रस्ता चिखलाने बंद झाला तर दोन दिवसांचे आणखी ६०. एकूण २१०, म्हणजे २० लिटरचे ११ कॅन. एकच मोठी टाकी नको, तिला चीर गेली की सगळंच गेलं. गाडीच्या दाराच्या चौकटीवर भारक्षमतेचं स्टिकर असतं, ते वाचा. २१० किलो पाणी आणि चार माणसं यांतच बऱ्याच एसयूव्हींची मर्यादा संपते. दोन गाड्या न्या. एक रुतली तर ओढायलाही दुसरी लागतेच.

रात्री पारा शून्याखाली उतरतो. कॅन काठोकाठ भरू नका. बाटल्या उलट्या ठेवा, म्हणजे बर्फ बुडाकडे धरतो आणि तोंड मोकळं राहतं. सकाळच्या चहाचं पाणी रात्रीच पातेल्यात ओतून ठेवा, गोठलं तरी सरळ चुलीवर चढवता येतं. ब्युटेनचा स्टोव्ह पहाटे मान टाकतो, कारण ब्युटेनची वाफ उणे अर्ध्या अंशाखाली होत नाही; प्रोपेन उणे ४२पर्यंत चालतो. या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपास उकळतं, उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. कुकर न्या.

तंबू ओढ्याच्या कोरड्या पात्रात नको (दूरच्या पावसाचा लोंढा तिथूनच येतो), दरीच्या तळातही नको. थंड हवा रात्री पाण्यासारखी खाली साचते; १५-२० मीटर वरच्या सपाटीवर लक्षणीय ऊब असते. भुसभुशीत मातीत नेहमीच्या खुंट्या दुपारच्या वाऱ्याने उपटतात. फूटभर लांबीचे खिळे वापरा किंवा दोरी दगडाला बांधून दगड पुरा. स्लीपिंग बॅगवरचा ‘कम्फर्ट’ आकडा बघा, ‘लिमिट’ नव्हे. बॅग कितीही चांगली असली तरी अंगाखाली दबलेला भाग ऊब देत नाही, म्हणून खाली फोमची चटई हवीच.

टायरचं विसरू नका. जळलेल्या सेजब्रशचे खुंट साइडवॉल फाडतात आणि साइडवॉलला प्लग बसत नाही, म्हणून दोन स्टेपनी घ्या. पावसानंतर पांढऱ्या प्लायावर (कोरड्या तळ्याच्या सपाट पात्रावर) गाडी घालू नका, वरची पापडी वाळलेली दिसते पण खाली खीर असते. आणि वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरने वणवा लागतो.

प्रश्न : जमिनीवर जुना ट्रेलर आहे. आत उंदरांच्या लेंड्या आहेत. झाडून घेतला तर राहता येईल?

झाडू नका. त्या भागातला डिअर माउस हंताविषाणू वाहतो, आणि त्याची लागण वाळक्या लेंड्या-मुताची धूळ श्वासात गेल्याने होते. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. रबरी हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण करून लेंड्या आणि घरटी चिंब भिजवा, पाच मिनिटं मुरू द्या, मग कागदाने पुसून दुहेरी पिशवीत बांधा. शेवटी फरशी ओल्या फडक्याने पुसा. व्हॅक्युम वापरू नका. उंदरांनी पोखरलेली गादी बाहेर काढा. पुढच्या आठ आठवड्यांत ताप आणि मांड्या-पाठीत सणसणीत दुखणं आलं, तर डॉक्टरांना उंदरांचा संपर्क आपणहून सांगा.

प्रश्न : कुणाच्या तरी गाई आमच्या जमिनीवर चरतात. तक्रार करावी का?

उपयोग होणार नाही. नेवाडात खुलं कुरण आहे : गाई बाहेर ठेवायच्या तर कुंपण तुम्ही घालायचं. कायद्याच्या व्याख्येतलं कुंपण नसेल तर नुकसानही मागता येत नाही. त्या व्याख्येत चार तारा, वरची किमान ४८ इंचांवर, खालची १२ इंचांपेक्षा उंच नाही, आणि खांब २० फुटांच्या आत. पण प्राँगहॉर्न उडी मारत नाही, तो तारेखालून सरपटतो आणि त्याला खाली १६-१८ इंच मोकळी जागा लागते. १२ इंचांवर काटेरी तार लावलीत तर तो अडतो, नाहीतर पाठ सोलून घेतो. आमचा सल्ला असा : ४० एकरांना कुंपण घालूच नका. ट्रेलर आणि पाण्याचे कॅन यांच्याभोवती लहानसा चौकोन करा, बाकी रान उघडं राहू द्या.